विश्लेषण : अमेरिकेतील शहर ‘सुरक्षित’ की ‘धोकादायक’ हे कसे ठरते? पोस्टमनचे पोलीसप्रमुख झालेले ऑगस्ट व्होल्मर कोण होते?

मुलाला अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळाला की घरचे पहिल्यांदा मोबाइलवर शोधतात ते त्या शहरातील गुन्हेगारी. समोर येतो एक आकडा, एक क्रमांक आणि लाल-पिवळ्या ठिपक्यांचा नकाशा. शहराचा धोका असा मोजण्याच्या पद्धतीमागे कॅलिफोर्नियातील बर्कली या मध्यम आकाराच्या शहराच्या एका पोलीसप्रमुखाचे मोठे योगदान आहे. ऑगस्ट व्होल्मर यांना अमेरिकेत आधुनिक पोलीस व्यवस्थेचे जनक मानले जाते. त्यांची पद्धत काय होती आणि तिच्या मर्यादा कोणत्या?

पोस्टमन ते मार्शल

व्होल्मर यांचा जन्म ७ मार्च १८७६ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे जर्मन स्थलांतरित कुटुंबात झाला. औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे फारसे झाले नाही. पुढे कुटुंब बर्कलीत आले. तेथे त्यांनी भागीदारीत कोळसा, लाकूड आणि चाऱ्याचे दुकान चालवले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात ते फिलिपिन्समध्ये सैनिक होते. परतल्यावर त्यांनी पोस्टमनची नोकरी धरली. रोजच्या टपाल वाटपामुळे गल्लीबोळ आणि माणसे त्यांना पाठ झाली.

१९०४ मध्ये मालाने भरलेला एक सुटा रेल्वे डबा उतारावरून प्रवासी गाडीच्या दिशेने सुटला. व्होल्मर यांनी त्यावर उडी मारून ब्रेक लावला. या प्रसंगाने त्यांचे नाव शहरभर झाले आणि १९०५ मध्ये ते मार्शल म्हणून निवडून आले. पुढे १९०९ मध्ये पद बदलून ते पोलीसप्रमुख झाले आणि १९३२ पर्यंत या पदावर राहिले.

मनुष्यबळ कमी, शहर वाढते

१९०० मध्ये बर्कलीची लोकसंख्या १३,२१४ होती, ती १९१० मध्ये ४०,४३४ झाली. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोतून आलेल्या लोकांचा त्यात मोठा वाटा होता. प्रत्येक कोपऱ्यावर शिपाई उभा करणे शक्य नव्हते. त्यामुळे नेमका कुठे आणि कधी उभा करायचा, हा प्रश्न होता.

टाचण्यांचा नकाशा काय सांगत होता?

व्होल्मर यांनी प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवायला लावली : ठिकाण, वेळ आणि गुन्ह्याची पद्धत. नकाशावर टाचण्या टोचल्या की गुन्हे शहरभर सारखे पसरलेले नाहीत, हे दिसे. घरफोड्या काही रस्त्यांवर आणि ठरावीक तासांत एकवटत. त्यावरून गस्तीचे बीट आखले गेले. जिथे काम जास्त, तिथे बीट लहान ठेवला गेला.

गुन्ह्याच्या पद्धतीची नोंद तपासात उपयोगी पडे. एकच चोर बहुधा एकाच रीतीने घरात शिरतो, त्यामुळे वेगवेगळ्या तक्रारी एका माणसाशी जोडता येत. शिपायांना सायकली, पुढे मोटारसायकली आणि मोटारी मिळाल्या. चौकात टांगलेला लाल दिवा लागला की गस्तीवरचा शिपाई जवळच्या टेलिफोनवरून ठाण्याशी बोले.

पद्धत देशभर कशी गेली?

प्रत्येक शहर गुन्हे आपापल्या व्याख्येने मोजत असे. एकसारखी नोंद हवी, असा आग्रह धरणाऱ्यांत व्होल्मर आघाडीवर होते. १९३० मध्ये देशपातळीवर एकत्रित गुन्हे आकडेवारी सुरू झाली आणि तिचे काम लवकरच एफबीआयकडे गेले. खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर हल्ला, घरफोडी, चोरी आणि वाहनचोरी असे सुरुवातीला सात प्रकार होते.

त्यांचे शिष्य ओ. डब्ल्यू. विल्सन १९२८ मध्ये कॅन्ससमधील विचिटा शहराचे पोलीसप्रमुख झाले. कोणत्या भागात धोका किती, याला वजन देऊन गस्तीची वाटणी करण्याची पद्धत त्यांनी पुढे नेली.

अपयश आणि आक्षेप

१९२३ मध्ये व्होल्मर वर्षभरासाठी लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख झाले. आकडेवारी पाहून त्यांनी तेथे मनुष्यबळ हलवले, पण राजकारण आणि भ्रष्टाचारापुढे सुधारणा टिकल्या नाहीत. १९२४ मध्ये ते बर्कलीला परतले.

त्यांची काही मते काळाच्या पुढची होती. थर्ड डिग्रीला त्यांचा विरोध होता. अमली पदार्थांचे व्यसन हा डॉक्टरांचा विषय आहे, पोलिसांचा नव्हे, असे ते मानत. १९१९ मध्ये त्यांनी वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलीस दलात घेतले. मात्र, आनुवंशिकता आणि वंश यांचा गुन्हेगारीशी संबंध जोडणारे विषय त्यांच्या पोलीस अभ्यासक्रमात होते. फिलिपिन्समधील लष्करी अनुभव त्यांनी शहरी पोलिसांत आणला, यावरही आज टीका होते.

टाचण्यांच्या नकाशावरचा मूळ आक्षेप आजही कायम आहे. नकाशावर फक्त नोंदलेले गुन्हे येतात. तक्रार द्यायला लोक घाबरतात तो भाग शांत दिसतो. जिथे पोलीस जास्त, तिथे नोंदीही जास्त होतात आणि त्या नोंदींवरून पुन्हा तिथेच पोलीस पाठवले जातात.

पार्किन्सन आणि कर्करोगाने त्रस्त असलेल्या व्होल्मर यांनी ४ नोव्हेंबर १९५५ रोजी बर्कलीत आयुष्य संपवले.

आज आकडा कसा वाचावा?

गुन्ह्यांचा दर साधारणपणे एक लाख लोकसंख्येमागे काढतात. समजा, एक लाख वस्तीच्या शहरात एका वर्षी ५ खून झाले आणि पुढच्या वर्षी ७. बातमीत ही ४० टक्के वाढ ठरते, पण प्रत्यक्षात फरक दोन घटनांचा असतो. म्हणून मध्यम शहरासाठी एका वर्षाऐवजी चार-पाच वर्षांचे आकडे पाहावेत. शिवाय हा दर रहिवाशांवर काढला जातो, रोज बाहेरून येणारे त्यात धरले जात नाहीत. अशा कारणांमुळेच केवळ या आकड्यांवरून शहरांची क्रमवारी लावू नये, असा इशारा एफबीआयही देते.

व्होल्मर शहराच्या सरासरीवर थांबत नसत, रस्ता आणि तास पाहत. घर शोधतानाही तेच करावे. शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर नकाशा असेल तर राहण्याची जागा, बसथांबा आणि रात्री परतण्याचा रस्ता तपासावा. हिंसक गुन्हे आणि सायकल किंवा गाडीची चोरी वेगवेगळी मोजावी. शेवटी, तिथे आधीपासून राहणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारावे, कारण नोंद न झालेल्या गोष्टी नकाशावर दिसत नाहीत.