दंडावरच्या व्रणाची कथा : डॉ. अल्बेर काल्मेत

विद्यार्थीमित्रांनो, आपल्या डाव्या दंडावर पाहा. खांद्याच्या थोडे खाली एक लहानसा गोल व्रण बहुतेकांना सापडेल. आईला विचारलेत तर ती सांगेल, जन्मल्यावर बी.सी.जी.ची लस टोचली होती, तिची ही खूण. या नावातील ‘बी’ म्हणजे बॅसिलस, अर्थात जंतू. ‘सी’ हे काल्मेत यांचे आद्याक्षर व ‘जी’ हे त्यांचे सहकारी पशुवैद्य कामीय गेरँ यांचे.

अल्बेर काल्मेत यांचा जन्म १८६३ साली फ्रान्समधील नीस येथे झाला. आरमारात डॉक्टर म्हणून त्यांनी हाँगकाँग व आफ्रिकेत नोकरी केली. सायगावला पाश्चर संस्थेची शाखा काढली. सर्पदंशावरील प्रतिविष तयार करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. परंतु तो विषय वेगळा.

१८९५ साली ते लील शहरातील पाश्चर संस्थेचे संचालक झाले. लील हे गिरण्यांचे गाव. कामगारांच्या कोंदट खोल्यांतून क्षय घर करून बसलेला. जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच लावला होता, पण औषध नव्हते. मग डॉक्टरने करावे काय? काल्मेत यांनी १९०१ मध्ये क्षयरोग्यांसाठी मोफत दवाखाना उघडला. तेथील माणसे रोग्याच्या घरी जात, थुंकी पिकदाणीतच टाकायला शिकवीत, खिडक्या उघडायला लावीत. रोग्याचे कपडे वेगळे धुऊन जंतुरहित करून दिले जात. माझ्या मते लसीइतकेच हे काम मोठे आहे, पण त्याची आठवण कोणी काढत नाही.

लसीचे काम १९०८ मध्ये सुरू झाले. गाईच्या क्षयाचे जंतू बैलाचे पित्त घातलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवायचे, तीन आठवड्यांनी त्यातले थोडे नव्या फोडीवर घ्यायचे, पुन्हा तीन आठवडे थांबायचे. असे २३० वेळा! तेरा वर्षे लागली. मध्येच पहिले महायुद्ध आले. लील शहर चार वर्षे जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. पित्त व बटाटे मिळणेही कठीण झाले. १९१८ मध्ये काल्मेत यांच्या पत्नीला ओलीस म्हणून जर्मनीत नेण्यात आले. तरीही जंतूंची साखळी तुटू दिली नाही. शेवटी ते जंतू इतके निर्बळ झाले, की जनावरांना टोचूनही क्षय होईना.

१९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस तोंडाने पाजण्यात आली. बाळाची आई क्षयाने वारली होती आणि ज्या आजीकडे बाळ वाढणार होते तिलाही क्षय होता. ते बाळ जगले.

पालकहो, आता दुःखाची गोष्ट. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक गावी सुमारे २५० अर्भकांना लस पाजण्यात आली आणि सत्तरांहून अधिक दगावली. जगभर काल्मेत यांच्याकडे बोट दाखवले गेले. चौकशीत आढळले, की तेथील प्रयोगशाळेत खऱ्या क्षयाचे जंतू लसीत मिसळले गेले होते. तेथील दोन डॉक्टरांना शिक्षा झाली. लस निर्दोष ठरली. पण त्या आघाताने काल्मेत खचले, ते खचलेच. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी ते निवर्तले.

भारतात ही लस १९४८ पासून देण्यात येऊ लागली. लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून व अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगले रक्षण देते. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून दंडावर व्रण असला तरी, दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी लागते. ती मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. काल्मेत यांच्या लीलमधल्या दवाखान्यात औषध मात्र नव्हते.