केरूनाना छत्रे आणि काळाची नोंद

जुहूच्या किनाऱ्यावर भरती केव्हा येणार हे छापील कोष्टकात पाहून आपण निश्चिंत होतो. परंतु असे कोष्टक रचण्यापूर्वी कोणीतरी वर्षानुवर्षे घड्याळाशी इमान राखून नोंदी केलेल्या असतात, ह्याचा आपणांस विसर पडतो. अशा नोंदींचे मोल जाणणाऱ्या एका महाराष्ट्रीय गणितज्ञाचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढे ठेवीत आहो.

केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचा जन्म १८२५ साली अलिबागेजवळील नागाव येथे झाला. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात प्रोफेसर ऑर्लिबार ह्यांच्याजवळ त्यांनी गणित व ज्योतिष ह्यांचे अध्ययन केले. पुढे कोवळ्या वयातच ते कुलाबा वेधशाळेत कामास लागले व तेथे सुमारे दहा वर्षे राहिले.

ह्या वेधशाळेत हवामानाचे व चुंबकसूचीचे वेध घेतले जात. सूची दिवसभर किंचित हालत असते. ती किती वळली हे अचूक वाचले, परंतु केव्हा वाचले ते चुकीचे लिहिले, तर दूरदेशीच्या वेधांशी त्या आकड्याचा मेळ बसणे अशक्य. म्हणून वेध व वेळ ह्यांची गाठ त्याच क्षणी पडली पाहिजे. मागाहून आठवून लिहिण्यात अर्थ नाही.

पुढे नाना पुण्यास अध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे शिष्य. त्या काळी पंचांगातील ग्रहणाची वेळ व आकाशातील ग्रहण ह्यांत अंतर पडत असे. चंद्र सूर्यापासून ताशी सुमारे अर्धा अंश दूर सरतो. म्हणजे गणितात अर्ध्या अंशाची चूक झाली की तिथी एका तासाने चुकते. हे दूर व्हावे म्हणून नानांनी पाश्चात्त्य गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला, आणि आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साहाय्याने शके १७८७ पासून नवे पंचांग काढले. रूढीस सोडून सण-व्रतांचे दिवस बदलणे लोकांस रुचेना, तेव्हा हे पंचांग थोड्यांनीच स्वीकारले. तथापि नानांनी आकाशाची साक्ष सोडली नाही. १८८४ साली ते निवर्तले. पंचांगशुद्धीचे कार्य पुढे टिळकांनी हाती घेतले.

नानांच्या ह्या शिस्तीचे प्रयोजन आजही सरलेले नाही. संगणकांच्या जाळ्यातील घड्याळे जुळविण्यासाठी एकमेकांस संदेश पाठवितात. संदेश कधी आला हे संगणकाने सावकाश पाहिले, तर मधला विलंब दर वेळी निराळा पडतो. म्हणून तारेजवळील इथरनेट नियंत्रकच संदेश येताक्षणी वेळ टिपतो. त्याचे घड्याळ सेकंदास साडेबारा कोटी ठोके देत असल्यास, प्रत्येक ठोक्यास आठ नॅनोसेकंद मिळवावे, असे रजिस्टर नावाच्या कप्प्यात लिहून ठेवतात. घड्याळ पुढे धावू लागले, तर ती भर किंचित घटवितात. यंत्र नवे, परंतु वेध घेतला त्याच क्षणी वेळ लिहावी हा नियम जुनाच.

मुलांनो, प्रयोगशाळेत आकडा वहीत उतरविताना शेजारी वेळही लिहा. आकाशापुढे आपले मत नम्र ठेवणे, आणि जे दिसले ते जनरूढीस न भिता सांगणे, हे नानांच्या चरित्राचे सार आम्हांस वाटते. पालकांनीही सायंकाळी मुलांसह किनाऱ्यावर जाऊन कोष्टकातील भरतीची वेळ घड्याळाशी पडताळून पाहावी, अशी आमची विनंती आहे.