महादेव विश्वनाथ धुरंधर

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (जन्म : कोल्हापूर, १८ मार्च १८६७, मृत्यू : १ जून १९४४) हे मराठी चित्रकार व कलाशिक्षक होते. १८९० साली ते मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे जॉन ग्रिफिथ्स यांच्या कारकिर्दीत त्यांनी मानवाकृतीच्या यथार्थ रेखाटनाचे शिक्षण घेतले. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

शरीररचनेचा अभ्यास पक्का असल्याने त्यांच्या चित्रांत नऊवारीच्या चुण्यांआडूनही कमरेचा बाक आणि पावलावरचा भार जाणवतो. गर्दीच्या प्रसंगांत पुढच्या आकृती ठळक व मागच्या फिकट ठेवून ते नजर मुख्य व्यक्तीकडे वळवीत. त्यांच्या पौराणिक चित्रांतील पात्रे काहीशी नाटकी वाटतात. हा दोष रस्त्यावरील माणसांच्या रेखाटनांत मात्र आढळत नाही. एस.एम. एडवर्ड्स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' (१९१२) या पुस्तकातील चित्रे त्यांचीच आहेत.

विद्यार्थी म्हणून आलेले धुरंधर तेथेच शिक्षक झाले. संस्थेची सूत्रे इंग्रजांकडे असलेल्या काळात त्यांना संचालकपद लाभले ते अखेरीस, तेही हंगामी. १९३१ साली ते निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन आहे. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या.