मताचा अधिकार नसलेला सभासद : नामदार गोखले

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालो की वाटेत कागल लागते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपण याच गावी गेले. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा, ९ मे १८६६ रोजीचा. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले आणि १५ रुपये पगारातले ८ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. हा जमाखर्च गोखले कधी विसरले नसावेत, असे आपले मला वाटते.

१८८४ साली बी.ए. झाल्यावर ते पुण्यात शिक्षक झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक पिढ्यांनी शाळेत वापरले. १८९७ साली प्लेगबंदोबस्तातील गोऱ्या सोल्जरांच्या अत्याचारांविषयी ते विलायतेत बोलले. परत आल्यावर पुरावा हाती येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. हा डाग त्यांना फार लागला. तो धुऊन काढण्यासाठीच त्यांना कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात जायचे होते, आणि तसे त्यांनी सर फिरोजशहा मेहतांना कळवलेही होते.

१९०१ साली मेहतांच्या जागी त्यांची निवड झाली. निवडणूक कसली, मुंबई कायदेमंडळातल्या मूठभर बिनसरकारी सभासदांनी एक नाव सुचवायचे! आपले शहापूर तर तेव्हा सांगली संस्थानात, त्यामुळे या कारभाराशी आपल्या पणजोबांचा संबंधच नव्हता. सरकारी कर भरलेले मीठ मात्र तेही खात होते.

१८९२ च्या कायद्याने सभासदाला अंदाजपत्रकावर बोलता येई, पण ठराव मांडता येत नसे, मतदान तर नव्हतेच. हाती फक्त आकडे. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. दुष्काळाच्या दिवसांत तिजोरीत शिल्लक उरते, ती भरभराटीमुळे नव्हे, रुपयाचा भाव वाढवला तरी जुने जादा कर तसेच ठेवल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिले. बँकेत ताळेबंद तपासणाऱ्याला हे भाषण आजही वाचावेसे वाटेल. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची माफी ५०० वरून १००० रुपयांपर्यंत गेली. सारे श्रेय त्यांना एकट्याला देता येणार नाही. पण १९०७ पर्यंत मिठाचा कर एक रुपयावर आला, तोवर दरसाल ते त्यावर बोलत राहिले.

१९०९ च्या कायद्याने ठराव मांडण्याचा आणि त्यावर मत देण्याचा हक्क मिळाला, तरी बहुमत सरकारचेच होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा त्यांना ४९ वे वर्ष चालू होते.