डॉ. वानलेस : रोजच्या दयेचा आनंद

बेळगाव, चिकोडी, निपाणी या भागातील जुन्या मंडळींच्या तोंडी रोग्याला मिरजेला नेले, या शब्दांना एक खास अर्थ असे. घरचे उपाय थकले, पण आशा अजून सुटलेली नाही, असा तो अर्थ होता. ही आशा ज्या मनुष्याने निर्माण केली, त्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

वानलेस यांचा जन्म 1 मे 1865 रोजी कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पुरे करून 1889 साली ते पत्नी मेरीसह प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हिंदुस्थानात आले. मेरीबाई स्वतः शिकलेल्या परिचारिका होत्या. आरंभी त्यांनी सांगलीस लहानसा दवाखाना चालविला. पुढे ते मिरजेस गेले आणि 1894 साली तेथे मिशन हॉस्पिटल उघडले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे बेळगाव, घटप्रभा, रायबाग या बाजूचे रोगी गाडीने येत. निपाणीस रेल्वे नव्हती. तिकडच्या रोग्यास आधी दुसऱ्या गावचे स्टेशन गाठावे लागे.

आम्हांस येथे एक गोष्ट विशेष वाटते. दया म्हणजे मनात उठणारी लहर, असे आपण समजतो. समोर दुःख दिसले की कळवळतो आणि घरी आलो की विसरतो. वानलेस यांनी दयेला लहरीवर सोडले नाही. तिला दिवसाच्या कामात बसविले. मोतीबिंदू झालेला शेतकरी असो वा संस्थानचा सरदार, शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करावयाची, हा तेथील परिपाठ होता. ज्याला गावाने वेशीबाहेर टाकले त्या कुष्ठरोग्यासाठी 1900 साली आश्रय उभा राहिला. 1920 साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले; तो परिसर आज वानलेसवाडी या नावाने ओळखला जातो. दया आपल्याबरोबर संपू नये म्हणून 1897 सालीच त्यांनी हिंदी तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला होता. ते तरुण पुढे दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत कामास लागले.

हे सर्व सुखात घडले असे मात्र नाही. 1906 साली मेरीबाई कॉलऱ्याने वारल्या. ज्या लोकांच्या सेवेसाठी दोघे आले, त्यांच्याच देशात पत्नीला मूठमाती द्यावी लागली. त्या वेळी वानलेस मायदेशी कायमचे परतले असते, तर कोण दोष देता? पण त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ ते मिरजेस कामावर राहिले. कोल्हापुरातील मेरी वानलेस हॉस्पिटल त्या साध्वीचे नाव आजही सांगते. केवळ कर्तव्य म्हणून मनुष्य चार-पाच वर्षे राहील. जवळजवळ चाळीस वर्षे तो आनंदावाचून राहू शकत नाही, असे आम्हांस वाटते. तो आनंद त्यांनी शोधला नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्याची पट्टी सोडता सोडता तो त्यांना सापडला असावा.

1928 साली त्यांना सर ही पदवी मिळाली व त्याच वर्षी ते निवृत्त झाले. 3 मार्च 1933 रोजी अमेरिकेत त्यांना देवाज्ञा झाली.

आपल्यापैकी फार थोडे डॉक्टर होतील. पण दयेची वेळ ठरविणे प्रत्येकाच्या हाती आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना चांगल्या शोमरोनी मनुष्याची गोष्ट सांगून थांबू नये. या आठवड्यात कोणत्या दिवशी, कोणाकडे, काय घेऊन जाणार, हेही त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. आजारी शेजाऱ्याचे पाणी भरणे असो, एकट्या आजीला चिठ्ठी वाचून दाखविणे असो. काम लहान चालेल, पण ते नेमाने व्हावे. पुढच्या रविवारी वर्गात कोणाचा चेहरा अधिक उजळला आहे, हे शिक्षकांनी स्वतःच पाहावे.