शॅनन नदीला कामाला लावणारा मास्तर

आयर्लंड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कोणाला भगिनी निवेदिता आठवतील, कोणाला होमरूल. क्रिकेटवाल्यांना २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानला घरी पाठवणारी टीम आठवेल. इंजिनिअर म्हणून मात्र एकही आयरिश नाव पटकन तोंडावर येत नाही. मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी, आणि मला विचाराल तर एक नाव यायलाच हवं. थॉमस मॅक्लॉक्लिन. त्याच्यावर आपल्या अंकात लिहायचं माझ्या बरेच दिवस मनात होतं. 'एनर्जी सिक्युरिटी' हा शब्द आपण सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर टाकतो आणि पुढे सरकतो. या माणसाने त्या शब्दापायी आपली उमेदीची वर्षं, नोकरी आणि नाव, सगळं पणाला लावलं होतं.

मॅक्लॉक्लिनचा जन्म १८९६ चा, ड्रॉहेडा गावचा. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो फिजिक्स शिकला. पुढे गॉलवेच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागला आणि शिकवता शिकवता तिथेच इंजिनिअरिंगची पदवीही घेतली. म्हणजे सकाळी मास्तर, दुपारी विद्यार्थी! आपल्याकडे ज्यांना एकच काम धड झेपत नाही (मी धरून), त्यांनी याची नोंद घ्यावी.

डिसेंबर १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग ब्रिटिशांच्या राज्यातून सुटला आणि 'आयरिश फ्री स्टेट' जन्माला आलं. त्याच सुमारास हा २६ वर्षांचा मास्तर बर्लिनला जाऊन सीमेन्स-शुकर्ट कंपनीत नोकरीला लागला. मागे देशात यादवी पेटली होती. पूल उडवले जात होते, रेल्वे बंद पडत होती. अशा वेळी परदेशात चांगली नोकरी मिळाल्यावर माणूस काय करतो, हे आपल्या हॉस्टेलच्या कोणत्याही रूममध्ये विचारा. पण या गड्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं.

कंपनीत असताना त्याने जर्मनीतल्या पोमेरेनिया प्रांताची वीजव्यवस्था बारकाईने पाहिली. पोमेरेनिया म्हणजे काही कारखान्यांचा मुलूख नव्हे. शेतीवाडी, विखुरलेली गावं, बेताची वस्ती, अगदी आयर्लंडसारखंच. तरीही तिथे प्रांतभर तारा गेल्या होत्या आणि गावागावांत दिवे होते. आयर्लंडमध्ये तेव्हा काय होतं? शंभराहून जास्त लहानमोठ्या वीज कंपन्या आणि नगरपालिका, प्रत्येकाचं जनरेटर वेगळं, दर वेगळा. खेड्यात तर अंधारच. डब्लिनची वीज पिजन हाउस नावाच्या केंद्रात तयार व्हायची आणि त्यासाठीचा कोळसा यायचा ब्रिटनहून. झेंडा बदलला तरी बॉयलरखालचा कोळसा जुन्या मालकाचाच होता!

मॅक्लॉक्लिनचं उत्तर होतं शॅनन नदी. ही आयर्लंडची सगळ्यात लांब नदी. बराचसा प्रवास ती सपाट मुलखातून सावकाश करते, पण लॉक डर्ग या सरोवरापासून लिमरिक शहरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे ३० मीटर खाली उतरते. ही उतरण वापरता येईल, ही कल्पना काही त्याची नव्हती. ती आधीही अनेकांनी मांडली होती. त्याचं वेगळेपण असं की, त्याने नदीकडे एखाद्या शहराच्या नव्हे तर अख्ख्या देशाच्या नजरेने पाहिलं. एकच मोठं केंद्र, त्यातून निघणाऱ्या ११० केव्हीच्या लाइनी, पुढे ३८ केव्ही, पुढे १० केव्ही आणि शेवटी शेतकऱ्याच्या गोठ्यातला बल्ब. आपण सिंगल लाइन डायग्राम काढतो ना, तो त्याने देशाच्या नकाशावर काढला.

डिसेंबर १९२३ मध्ये तो मायदेशी परतला आणि सरकारच्या दारात जाऊन बसला. इथे मैत्री कामाला आली. त्याचा कॉलेजातला मित्र पॅट्रिक मॅकगिलिगन १९२४ मध्ये उद्योग आणि व्यापार खात्याचा मंत्री झाला. विरोधकही कमी नव्हते. अर्थखात्याला हा खर्च वेडेपणा वाटत होता. डब्लिनकरांना हाताशी असलेल्या लिफी नदीवर लहान प्रकल्प हवा होता आणि जॉन पर्सर ग्रिफिथसारखा ज्येष्ठ इंजिनिअर त्या बाजूने उभा होता. एवढी वीज घेणार कोण, हा प्रश्न सगळेच विचारत होते. प्रश्न चुकीचा नव्हता. मागणी नसताना क्षमता उभी करायची म्हणजे जुगारच. मॅक्लॉक्लिनचं म्हणणं असं की, स्वस्त वीज दारात आली की मागणी आपोआप तयार होते. सरकारने स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि स्वीडन इथले चार तज्ज्ञ बोलावून सीमेन्सचा आराखडा तपासून घेतला. त्यांनी काही बदल सुचवून होकार दिला. ऑगस्ट १९२५ मध्ये करार झाला. रक्कम सुमारे ५२ लाख पौंड, म्हणजे त्या नव्या राष्ट्राच्या वर्षभराच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा! तेव्हा मॅक्लॉक्लिन तिशीच्या आतच होता.

आता कामाचा आवाका बघा. आर्डनाक्रशा या गावी वीजकेंद्र आणि तिथवर पाणी आणायला १२.६ किलोमीटरचा हेडरेस कालवा. ७६ लाख घनमीटर माती आणि १२ लाख घनमीटर खडक काढला गेला. सुरुवातीला तीन फ्रान्सिस टर्बाइन बसवली, पुढे तिशीच्या दशकात चौथं कॅपलान आलं. एकूण क्षमता सुमारे ८५ मेगावॉट. आजच्या हिशेबात किरकोळ वाटेल, पण तेव्हाच्या आयर्लंडला ही वीज पुरून उरणारी होती.

इथवर गोष्ट अगदी सत्कार समारंभाच्या भाषणासारखी झाली. पण या चरित्राची दुसरी बाजू मी गाळणार नाही. कामावर ऐन भरात सुमारे ५००० माणसं होती. अकुशल मजुराला ५० तासांच्या आठवड्याला ३२ शिलिंग मिळायचे. युनियनने १९२५ मध्ये संप केला, बहिष्कार टाकला, पण बेकारी इतकी होती की फाटकाशी माणसांची रीघ लागलेली. संप मोडला. कंपनीच्या छावणीत जागा न मिळालेल्या मजुरांनी गोठ्यांत आणि डुकरांच्या खुराड्यांत दिवस काढले. अपघातात अनेक जण गेले. शॅननचे सामन मासे प्रसिद्ध होते. धरण आणि कालव्यामुळे त्यांची वाट अडली आणि त्यांच्यावर जगणाऱ्या कोळ्यांचा धंदा बसला. देशाची वीज देशाच्या हाती आली हे खरं, पण तिची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. मॅक्लॉक्लिनचं कौतुक करताना हा आकडाही त्याच पानावर लिहिला पाहिजे, असं मला वाटतं.

१९२७ मध्ये सरकारने कायदा करून इलेक्ट्रिसिटी सप्लाय बोर्ड, म्हणजे ईएसबी, ही स्वतंत्र सरकारी संस्था काढली. मॅक्लॉक्लिन तिचा पहिला मॅनेजिंग डायरेक्टर झाला. २२ जुलै १९२९ रोजी सरकारप्रमुख विल्यम कॉसग्रेव्ह यांच्या हस्ते आर्डनाक्रशाचं उद्घाटन झालं. आता वीज होती, गिऱ्हाईक आणायचं होतं. मग हा फिजिक्सचा मास्तर चक्क सेल्समन झाला! ईएसबीने दुकानं उघडली, कुकर आणि इस्त्र्या हप्त्यांवर विकल्या, लहान कंपन्या ताब्यात घेऊन तारांचं जाळं भराभर वाढवलं. मागणी खरंच वाढली. तिशीच्या दशकाच्या मध्यालाही देशाच्या विजेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास वीज एकट्या आर्डनाक्रशाची होती.

पण पैसा त्याहून भराभर गेला. हिशेब आणि भांडवली खर्च यावरून बोर्ड आणि मंत्री यांच्यात जुंपली. मंत्री कोण? तोच जुना मित्र मॅकगिलिगन! १९३१ मध्ये मॅक्लॉक्लिनला राजीनामा द्यावा लागला. ज्या संस्थेची कल्पना त्याने मांडली, तिथूनच तो बाहेर. वय जेमतेम पस्तीस. मित्राचंही मला पटतं. जनतेच्या पैशाचा हिशेब मागणं हे मंत्र्याचं कामच. आणि इंजिनिअरचंही पटतं. हिशेब पूर्ण जुळेपर्यंत थांबला असता तर तारा कदाचित गावापर्यंत गेल्याच नसत्या. चरित्रातला हा भाग मी दोनतीनदा वाचला, तरी कोणा एकाला दोषी धरता आलं नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्याला बोर्डावर परत घेतलं गेलं. नंतरची वीसहून जास्त वर्षं तो तिथेच राबला.

त्याच्या नदीची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. आयर्लंड तटस्थ राहिलं आणि ब्रिटनहून येणारा कोळसा आटला. कोळशापासून होणाऱ्या गॅसचं रेशनिंग आलं. बंदीच्या वेळेत पाइपात उरलेल्या गॅसवर कोणी चहा करतंय का, हे पाहायला डब्लिनमध्ये इन्स्पेक्टर घरोघर फिरत आणि शेगडीला हात लावून ती गरम आहे का ते बघत. विजेचीही टंचाई झाली, पण शॅननचं पाणी कोणाला अडवता येणार नव्हतं. लोकांनी दलदलीतलं पीट, म्हणजे मातीसारखं दिसणारं कच्चं इंधन, खणून दिवस काढले. युद्धानंतर १९४६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला खांब उभा राहिला आणि पुढच्या तीस वर्षांत जवळजवळ प्रत्येक घरात वीज पोहोचली.

१९७१ मध्ये मॅक्लॉक्लिन वारला. योगायोग असा की, त्याच वर्षी कॉर्क किनाऱ्यापुढच्या समुद्रात किन्सेल इथे नैसर्गिक वायू सापडला. पण इथे कथा अगदी उलटी आहे. १९५९ मध्ये सरकारने एका अमेरिकन कंपनीला देशभर तेल आणि वायू शोधायचे हक्क फक्त ५०० पौंडांना दिले होते! नदीसाठी ५२ लाख पौंड मोजणारा देश आणि समुद्राखालचं धन ५०० पौंडांना देणारा देश एकच. किन्सेलचा गॅस १९७८ पासून मिळू लागला. त्यावर खत कारखाना आणि वीजकेंद्रं चालली.

१९७५ मध्ये मंत्री जस्टिन कीटिंग यांनी नियम कडक केले. नव्या साठ्यात सरकारचा ५० टक्क्यांपर्यंत वाटा आणि वर रॉयल्टी. पण नंतर विशेष काही सापडेना, म्हणून १९८७ मध्ये वाटा आणि रॉयल्टी दोन्ही रद्द झाल्या आणि १९९२ मध्ये कर २५ टक्क्यांवर आला. पुढे १९९६ मध्ये पश्चिम किनाऱ्यापुढे कॉरिबचा साठा सापडला. त्याच्या पाइपलाइनला विरोध केला म्हणून २००५ मध्ये रॉसपोर्टचे पाच गावकरी ९४ दिवस तुरुंगात होते. गॅस यायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. दरम्यान कर पुन्हा वाढवले गेले, पण कॉरिबला जुन्याच अटी लागू राहिल्या.

किन्सेल २०२० मध्ये संपलं. २०२१ च्या कायद्याने तेल आणि वायूच्या शोधाचे नवे परवाने बंद झाले. शॅननच्याच खाडीकाठी असलेल्या मनीपॉइंट केंद्रात २०२५ मध्ये कोळसा जाळणं थांबलं. आता पवनचक्क्या भरपूर आहेत, पण वारा पडला की गॅस लागतो, आणि तो बहुतेक समुद्राखालच्या पाइपांतून स्कॉटलंडहून येतो. शंभर वर्षांनीही चावी ब्रिटनच्याच बाजूला! म्हणून २०२५ मध्ये सरकारने आणीबाणीसाठी सरकारी मालकीचा गॅससाठा उभारायचं ठरवलं. नवे परवाने बंद केले ते बरोबर की चूक, यावर तिथे वाद चालूच आहे. हवामानाची काळजी करणारेही प्रामाणिक आहेत आणि उद्या पाइप बंद पडला तर काय, असं विचारणारेही.

आर्डनाक्रशा अजून चालू आहे. देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा आता अगदी थोडाच आहे, पण टर्बाइन फिरतंय. मॅक्लॉक्लिनने स्वतः टर्बाइनचा शोध लावला नाही, जनरेटरचाही नाही. सगळं तंत्रज्ञान विकत मिळत होतं. त्याने फक्त आपल्या देशाकडे काय आहे ते नीट मोजलं, ते कोणाच्या मालकीचं राहावं हे ठरवलं आणि ते पटेपर्यंत लोकांच्या मागे लागला.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या महावितरणात जातील, कोणी तेल कंपनीत, कोणी जर्मनीला. तिथे मेगावॉटचा हिशेब आपल्याला येईलच, तेवढं आपले सर आपल्याला शिकवतात. पण वीज कोणाच्या मालकीची, तिचा पैसा कोणाचा आणि तिच्यापायी कोणाची मासेमारी बुडाली, हे प्रश्न सिलॅबसमध्ये नाहीत. ते आपणच आपल्या वहीत लिहून घ्यायचे आहेत.