जिम कॉर्बेट

एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट (२५ जुलै १८७५, नैनिताल – १९ एप्रिल १९५५, न्येरी, केनिया) हे कुमाऊँ व गढवाल भागांतील नरभक्षक वाघ-बिबट्यांचे शिकारी, निसर्गनिरीक्षक, वन्यजीव संरक्षणाचे पुरस्कर्ते आणि इंग्रजी लेखक होते. १९०७ ते १९३८ या काळात त्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी अनेक नरभक्षक जनावरे मारली. उत्तराखंडातील कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान त्यांच्या नावाने ओळखले जाते. डोंगरी खेड्यांतील लोक त्यांच्या आडनावाचा उच्चार आपल्या पद्धतीने करीत आणि त्यांना कारपेट साहेब म्हणत.

बालपण आणि पहिली बंदूक

वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट हे नैनितालचे पोस्टमास्तर होते. कुटुंब आयरिश वंशाचे, मोठे आणि बेताच्या उत्पन्नाचे होते. जिम सहा वर्षांचे असताना वडील वारले आणि आई मेरी जेन यांनी संसार सावरला. नैनितालमध्ये साहेबलोकांना घरे भाड्याने मिळवून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. उन्हाळा नैनितालच्या गर्नी हाउसमध्ये आणि हिवाळा खाली तराईजवळच्या कालाढुंगी येथे असा घराचा क्रम होता. कालाढुंगीचे जंगल हीच जिम यांची खरी शाळा ठरली. नैनितालच्या शाळांत त्यांचे औपचारिक शिक्षण झाले, पण ते पुढे फारसे लांबले नाही.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना एक दोननळी ठासणीची बंदूक मिळाली. कुमाऊँच्या पक्ष्यांवर ग्रंथ तयार करणाऱ्या एका नातेवाइकाने पक्ष्यांचे नमुने आणण्यासाठी ती दिली होती. दारू जास्त ठासली गेल्याने तिची उजवी नळी फाटलेली होती आणि मोडका दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. म्हणजे उपयोगाची नळी एकच. बार एकदा काढला की पुन्हा दारू, चिंध्या आणि छरे ठासण्यात वेळ जाई, आणि दारूगोळा विकत आणायला घरात पैसे नसत. त्यामुळे सावज अगदी टप्प्यात येईपर्यंत आवाज न करता जवळ जाणे आणि एकाच बारात काम करणे भाग पडे. कॉर्बेट यांच्या पुढच्या साऱ्या शिकारपद्धतीचे मूळ या फाटक्या नळीत आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

दहाव्या वर्षी ते शाळेच्या कॅडेट तुकडीत दाखल झाले. तेथील सार्जंट-मेजरने त्यांना ०.४५० इंची मार्टिनी रायफल वापरायला दिली. रायफल स्वच्छ ठेवावी आणि रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्याव्यात, एवढीच अट होती. या रायफलीने त्यांनी आपला पहिला बिबट्या मारला. थोरला भाऊ टॉम आणि जवळच्या गावचा मुखिया कुंवर सिंग हे त्यांचे जंगलातील गुरू. कुंवर सिंग चोरटी शिकार करीत असे, पण जंगलाचे त्याचे ज्ञान मोठे होते. वानर, भेकर, सांबर आणि रानपक्षी यांच्या इशाऱ्याच्या आवाजावरून वाघ कोठे आहे, चालतो आहे की बसला आहे, हे ओळखण्याची विद्या त्यांनी याच वयात मिळवली. त्या आवाजांची हुबेहूब नक्कलही ते करू शकत.

मोकामा घाट

विशीच्या आत त्यांनी बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. प्रारंभी जंगलतोड करून इंजिनांसाठी लाकूड पुरवण्याचे काम होते. नंतर बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेकाठी माल उतरवून चढवण्याचा ठेका त्यांनी घेतला आणि सुमारे वीस वर्षे चालवला. नदीच्या एका बाजूला रुंदमापी आणि दुसऱ्या बाजूला मीटरमापी लोहमार्ग असल्याने सर्व माल मजुरांच्या डोक्यावरून हलवावा लागे.

शिकारकथांच्या झगमगाटात हा काळ झाकला जातो, हे योग्य नाही. मजुरांच्या मुलांसाठी कॉर्बेट व स्टेशनमास्तर रामसरन यांनी तेथे शाळा सुरू केली, तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी एका झोपडीत कसे बसायचे हा प्रश्न उभा राहिला. रामसरन यांनी झोपडीच्या भिंतीच काढून टाकल्या. नुसत्या छपराखाली एकत्र बसायला कोणाची हरकत नव्हती. शाळा चालली आणि वाढली. त्यांच्या मजुरांचा मुकादम चमारी हा अस्पृश्य मानलेल्या जातीचा होता. पुढे पटकीने त्याचा मृत्यू झाला. त्याचे जे व्यक्तिचित्र कॉर्बेट यांनी माय इंडिया या पुस्तकात लिहिले आहे, ते त्यांच्या कोणत्याही वाघाच्या कथेइतकेच वाचनीय आहे.

पहिल्या महायुद्धात त्यांनी ५०० कुमाऊँनी माणसांची मजूर तुकडी उभारून १९१७ मध्ये फ्रान्सला नेली. नंतर वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानातही त्यांनी काम केले.

चंपावतची वाघीण

१९०७ मध्ये नैनितालच्या डेप्युटी कमिशनरने त्यांना चंपावतच्या वाघिणीचा बंदोबस्त करण्याची विनंती केली. या वाघिणीने आधी नेपाळात सुमारे २०० माणसे मारल्याचे सांगितले जाई. तेथून हुसकली गेल्यावर ती कुमाऊँमध्ये आली. तिच्या नावावर एकूण ४३६ बळींची नोंद केली जाते. यातील नेपाळचा आकडा ऐकीव आहे, हे ध्यानात ठेवून ही संख्या वाचावी.

कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेले इनाम रद्द करावे, आणि तिच्या मागावरचे इतर शिकारी व अल्मोड्याचे शिपाई परत बोलवावेत. इनामासाठी शिकार करणारा ही ओळख त्यांना नको होती, आणि जंगलात दुसऱ्याच्या गोळीला बळी पडण्याचीही इच्छा नव्हती. पाली गावात ते पोहोचले तेव्हा गावकरी पाच दिवस घराची दारे लावून बसलेले होते. पिके उभी होती, पण शेतात जायला कोणी धजत नव्हते. नरभक्षकाच्या दहशतीचा खरा अर्थ मृतांच्या संख्येत नसून या बंद दारांत आहे.

वाघिणीने एका मुलीला नेल्यानंतर दुसऱ्या दिवशी चंपावतच्या तहसीलदाराच्या मदतीने सुमारे ३०० गावकऱ्यांचा हाका उठवण्यात आला. कॉर्बेट यांनी बरोबर तीनच काडतुसे आणली होती आणि ती संपली. जखमी वाघीण समोर असताना त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. ती इतकी सैल झालेली होती की नळी आणि खटक्याच्या भागात फट दिसत होती. तिचा बार वाघिणीच्या पंजाला लागला; पण आधीच्या गोळ्यांनी तिचे काम झालेले होते. तपासणीत तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले, आणि ते कधी काळी लागलेल्या बंदुकीच्या गोळीने तुटले होते. नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य झाल्याने ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. या शेकडो मृत्यूंच्या मुळाशी कोणा अज्ञात शिकाऱ्याचा एक चुकलेला नेम होता, असा याचा अर्थ होतो.

रुद्रप्रयागचा बिबट्या

१९१८ ते १९२६ या आठ वर्षांत गढवालमधील एका बिबट्याने सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे मारली. वाघांच्या मानाने हा आकडा लहान असला तरी केदारनाथ व बद्रीनाथच्या यात्रामार्गावर हा बिबट्या वावरत असल्याने त्याची वार्ता देशभर पसरली. अंधार पडला की त्या मुलखात अघोषित संचारबंदी लागू होई. सरकारने सापळे लावले, विष घातले, पण काही साधले नाही. १९२१ मध्ये एका झुलत्या पुलावर दोन अधिकाऱ्यांनी झाडलेल्या गोळीने त्याचे एक बोट तेवढे गेले.

वाघ बहुधा जखमेमुळे किंवा म्हातारपणामुळे नरभक्षक होतो. बिबट्याचे कारण वेगळे असते, असे कॉर्बेट यांचे मत होते. साथीच्या काळात मृतांची संख्या इतकी वाढे की डोंगरी लोक प्रेताच्या मुखात पेटता निखारा ठेवून विधी उरकत आणि प्रेत दरीत टाकून देत. अशा प्रेतांवर जगलेला बिबट्या साथ ओसरल्यावर जिवंत माणसांवर येतो. रुद्रप्रयागचा पहिला बळी १९१८ चा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षातला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

१९२५ च्या हिवाळी मोहिमेत ते कित्येक रात्री रुद्रप्रयागच्या पुलाच्या मनोऱ्यावर बसून राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. पुढच्या वर्षी गढवालचे डेप्युटी कमिशनर इबटसन यांच्यासह त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मे १९२६ च्या आरंभी गुलाबराय येथील यात्रेकरूंच्या निवाऱ्याजवळ, आंब्याच्या झाडावर सलग दहा रात्री काढल्यावर अकराव्या रात्री खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातील घंटी वाजली आणि त्यांनी गोळी झाडली. बिबट्या म्हातारा आणि दात झिजलेला होता.

हत्यारे आणि रीत

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची ०.२७५ इंची रायफल भेट दिली. वाघासाठी हे हत्यार बरेच हलके समजले जाई. पण कित्येक मैल चढउतार करणाऱ्या माणसाला वजनाचा विचार करावा लागतो. जड कामासाठी त्यांच्याजवळ जेफ्री कंपनीची ०.४५०/४०० ची दोननळी रायफल होती. एप्रिल १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी अचानक गाठ पडली, तेव्हा हाती हलकी रिग्बीच होती. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती, म्हणून रायफल एकाच हाताने अगदी सावकाश वळवत त्यांनी गोळी झाडली. अंतर काही फुटांचेच होते. जड रायफलीने हे साधले नसते. ही रिग्बी त्यांच्या पश्चात प्रकाशकाकडे राहिली आणि २०१५ मध्ये मूळ कंपनीने ती परत मिळवली.

हत्तीवरून किंवा मोठा लवाजमा घेऊन शिकार करणे त्यांना पसंत नव्हते. नरभक्षकाच्या मागावर ते बहुधा एकटे आणि पायी जात. वाऱ्याची दिशा पाहून चालणे, ठशांवरून जनावराचे वय, लिंग व वेग ताडणे आणि मागे वळून पाहत राहणे हा त्यांचा नेम होता. १९३८ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ठाक येथील वाघिणीला त्यांनी वाघाच्या आवाजाची नक्कल करून संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात समोर बोलावले. ही त्यांची शेवटची नरभक्षकाची शिकार होती.

मासेमारी हा त्यांचा दुसरा आवडता छंद. पहाडी नद्यांतील महाशीर हा मासा जोरकस आणि चिवट असतो. हलक्या काठीने व बारीक दोरीने त्याला दमवून काठाशी आणण्यात कौशल्य लागते. मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ या पुस्तकात नरभक्षकांच्या ऐन गर्दीत त्यांनी महाशीरावर एक स्वतंत्र प्रकरण घातले आहे. घाईचा वाचक ते ओलांडून जातो. तसे करू नये. नदी, पक्षी आणि काठावरचे झाड पाहणारे कॉर्बेट तेथे निवांतपणे भेटतात.

छोटी हल्द्वानी

कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे उजाड गाव विकत घेऊन त्यांनी तेथे कुळे वसवली. रानडुकरे व हरणे यांपासून पिके राखण्यासाठी गावाभोवती कित्येक किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधली आणि राखणीसाठी गावाला बंदूक दिली. देश सोडून गेल्यावरही कुळांचा सारा ते स्वतः भरत. कॉर्बेट अविवाहित होते. बहीण मॅगी आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिली आणि आजारी गावकऱ्यांना औषधे देण्याचे काम मुख्यतः तीच पाही. कालाढुंगीच्या घरात आता संग्रहालय आहे.

शिकारीकडून संरक्षणाकडे

हे स्थित्यंतर एका दिवसात झाले असे अनेक लेखांत रंगवले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांच्या छायाचित्रांचा प्रभाव पडून कॉर्बेट कॅमेऱ्याकडे वळले. जंगलातील ओढ्याकाठी लपून त्यांनी वाघांचे चलत्‌चित्रण केले. मात्र १९३० मध्ये त्यांनी पवलगढचा प्रसिद्ध वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. त्याचा दोष एवढाच की तो फार मोठा होता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीची व्यवस्थाही ते पाहत. संरक्षणाची भाषणे आणि साहेबांच्या शिकारी एकाच काळात चालू होत्या, ही विसंगती चरित्रकाराने झाकू नये.

तरीही वाघ उगाच माणसाच्या वाटेस जात नाही, आणि लोकमत त्याच्या बाजूने उभे राहिले नाही तर तो नामशेष होईल, हे त्यांनी अशा काळात सांगितले की ज्या काळी वाघाची कातडी हे दिवाणखान्याचे भूषण होते. शाळांतून ते मुलांना जंगलाविषयी सांगत आणि प्राण्यांचे आवाज काढून दाखवीत. १९३६ मध्ये सुमारे ३२४ चौ. किमी क्षेत्राचे हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. भारतातील हे पहिलेच. सीमा ठरवण्याच्या कामी कॉर्बेट यांचा सल्ला घेतला गेला. त्यांच्या मृत्यूनंतर उद्यानाला त्यांचे नाव मिळाले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला. १९६८ मध्ये आग्नेय आशियातील वाघाच्या उपजातीला कॉर्बेटी हे नाव देण्यात आले.

लेखन

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना त्यांनी मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे जंगलात जगण्याची विद्या शिकवली. त्याच सुमारास, १९४४ मध्ये, मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले. शाखेचे प्रमुख रॉय हॉकिन्स हेच त्यांच्या लेखनाचे संपादक होते. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला देण्यात आले. दोन वर्षांत पुस्तक अमेरिकेत पोहोचले आणि पुढे अनेक भाषांत गेले. १९४८ मध्ये हॉलिवुडने याच नावाचा चित्रपट काढला, पण त्याचा पुस्तकाशी फारसा संबंध नव्हता. द मॅन-ईटिंग लेपर्ड ऑफ रुद्रप्रयाग, माय इंडिया (१९५२), जंगल लोअर (१९५३) आणि द टेंपल टायगर (१९५४) ही त्यांची नंतरची पुस्तके. घटनांनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेली असूनही त्यांत जागा, अंतरे आणि दिशा यांचा तपशील चोख आहे. लेखक आपली भीती आणि चुकलेले नेम लपवत नाही, हा त्यांचा विशेष गुण.

केनिया

स्वातंत्र्यानंतर नव्या भारतात आपल्याला स्थान उरणार नाही अशा शंकेने ते मॅगीसह १९४७ च्या अखेरीस मुंबई बंदरातून मोंबासाला गेले. ज्या लोकांमध्ये आयुष्य काढले त्यांच्याकडून त्यांना अपाय झाला असता असे दिसत नाही. परंतु वय ७२ होते आणि मागे राहणाऱ्या बहिणीची चिंता होती. न्येरी येथे स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेल्या बंगलीत ते राहिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ ट्रीटॉप्स या झाडावरील निवासात मुक्कामी असताना कॉर्बेट त्यांच्यासोबत होते. त्याच रात्री इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. या प्रसंगावरचे ट्री टॉप्स हे छोटे पुस्तक कॉर्बेट यांच्या मृत्यूनंतर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. न्येरीच्या सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. मॅगी १९६३ मध्ये वारली.